२००८ ची स्प्लेंडर प्लस १४ हजारात मिळतेय, घेऊ का?

चाकण_सेकंडशिफ्ट:
नमस्कार मंडळी. चाकणला कंपनीत आहे, रूम मोशीत. बस चुकली की शेअर रिक्षाला लटकत जावं लागतं म्हणून एक स्वस्तातली गाडी बघतोय, नवीनचा हप्ता आत्ता झेपणारा नाही. बजेट सगळं मिळून २५ हजार. ओळखीतून साताऱ्याकडं एक स्प्लेंडर प्लस आहे, २००८ चं मॉडेल, एमएच ११ पासिंग, १४ म्हणतोय, १२ ला तुटेल. पहिल्या किकला चालू झाली पण थोडा पांढरट धूर आहे, डाव्या बाजूनं खळखळ येते, टायर गुळगुळीत, टाकी एका बाजूला चेपलीय. आरसी पहिल्या मालकाच्या नावावर, विकणारा तिसरा. सही केलेला टीटी फॉर्म (गाडी नावावर करायचा) आहे, टेन्शन नाही म्हणतो. माझा विचार असा की आधी कलर आणि स्टिकर किट मारून घ्यायचं, मग हळूहळू इंजिनचं बघू. एक मित्र म्हणतो थोडे पैसे घाल आणि आरएक्स १०० बघ. काय करू?

आरटीओच्या_दारात:
धूर नंतर बघू, आधी कागद. २००८ ची गाडी म्हणजे १५ वर्षं २०२३ लाच संपली, रिपासिंग (नोंदणीचं नूतनीकरण) झालंय का ते विचारलंस का? आरसीवर तारीख असते, नाहीतर एमपरिवहन ॲपवर नंबर टाक. झालं नसेल तर रिपासिंगची फी १०००, ग्रीन टॅक्स २०००, आणि उशिराचा दंड महिन्याला ३००. दोन वर्षं उलटली असतील तर नुसता दंडच ७ हजारांच्या पुढं गेला. वर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, थर्ड पार्टी विमा, पीयूसी. तुझी १४ ची गाडी रस्त्यावर येईपर्यंत २५ ला टेकली आणि अजून पाना पण लागलेला नाही.

आणि तो सही केलेला टीटी फॉर्म, म्हणजे २९ आणि ३० नंबर, त्याच्या भरवशावर राहू नको. सही जुळली नाही की फाईल परत. मूळ मालक हयात नसेल तर हे फॉर्म चालतच नाहीत, फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर आधी करावी लागते. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. ई-चलन पण बघून घे, आधीच्या दोघांनी काय काय करून ठेवलंय कुणास ठाऊक.

मूळ मालकाला गाठ म्हणजे झालं. तो सही द्यायला कुरकुरला तर सांग की अपघात झाला तर भरपाईसाठी कागदावरचा मालकच धरला जातो, सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये ते स्पष्ट केलंय. गाडी विकून मोकळा झालो असं त्याला वाटत असतं, पण अडकलेला तोच असतो.

उद्यमनगर_फिटर:
भावा कलरचं डोक्यातनं काढ आधी. विकणारा कलर मारून विकतो, घेणाऱ्यानं मारायचा नसतो 😄

परत बघायला जाशील तेव्हा सकाळी न सांगता जा आणि पहिल्यांदा इंजिनला हात लाव. गरम लागलं तर त्यानं आधीच चालू करून ठेवलीय. थंड गाडी चालू केल्यावर थोडा धूर येऊन बंद झाला तर व्हॉल्व्ह सील, ते काम लई मोठं नाही. पण गरम झाल्यावर रेस केली की मागं निळसर पांढरा धूर सुटत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, बोअर पिस्टनचं काम आलं. डावीकडची खळखळ म्हणजे बहुतेक टायमिंग चेन, कारण या इंजिनात ती डावीकडंच असते. नुसती चेन आणि टेन्शनर असेल तर घाबरू नको. खालनं ठकठक येत असेल तर क्रँकचं काम, मग गाडी सोड.

ऑइल सोडून बोटावर घे, चमचम दिसली तर धातू झिजतोय. अजून एक, या इंजिनला बाहेरनं बदलायचा ऑइल फिल्टर नसतो, खाली जाळी असते आणि क्लच कव्हरच्या मागं फिरणारी एक वाटी असते, सगळा गाळ तिथं बसतो. माझ्याकडं अशा गाड्या येतात की १० वर्षं कुणी ते कव्हर खोललेलंच नसतं, नुसतं ऑइल बदलत राहिलेत. ती वाटी साफ केल्याशिवाय नवीन ऑइल टाकून उपयोग नाही.

जुनीगाडी_नाशिक:
फिटर भाऊंशी सहमत, फक्त एक. घेतल्या घेतल्या इंजिन उघडायला लावू नको. एकदा हेड उतरलं की "आता उघडलंयच तर" म्हणत बिल वाढत जातं. मापात ऑइल खाणारी स्प्लेंडर वर्षभर चालते, दर आठवड्याला पातळी बघायची बस. तू रात्री हायवेनं येणार, तेव्हा पहिले पैसे दोन्ही टायर (२.७५-१८), ब्रेक शू, हेडलाइट आणि चेन स्पॉकेटला. मेन स्टँडवर लावून पुढचं चाक उचल आणि हँडल सावकाश फिरव, मधोमध अडकल्यासारखं झालं तर कोनसेट (हँडलचं बेअरिंग) गेला. पेट्रोलचा रबरी पाइप आणि कार्बोरेटरचे ओरिंग पण बदल, आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, जुनं रबर फुगतं.

आरएक्स १०० चा नाद सोड. १९९६ मध्ये बंद झालेली टू स्ट्रोक गाडी, आता शौकिनांच्या हातात गेलीय, तुझ्या बजेटात जी मिळेल तिच्यात ओरिजिनल फक्त नंबर प्लेट असेल.

चाकण_सेकंडशिफ्ट:
खूप आभार सगळ्यांचे. ॲपवर बघितलं, रिपासिंग झालेलं नाही, २०२३ च्या जूनमध्येच संपलंय. विकणाऱ्याला मूळ मालकाचा नंबर मागितला तर म्हणे तो मुंबईला गेला, संपर्क नाही, तुम्हाला गाडीशी मतलब आहे की माणसाशी. १० ला देतो म्हणतो आता. बयाणा दिला नाहीये अजून.

आरटीओच्या_दारात:
४ हजार एका फोनमध्ये उतरला ना, त्यातच काय ते आलं. नंबर मिळाला तर ठीक, नाहीतर ५ ला दिली तरी घेऊ नको.

उद्यमनगर_फिटर:
बरोबर. थांब जरा, २०१२-१३ ची एकहाती (एकाच मालकाची) बघ, १८-२० पर्यंत गेली तरी चालेल, रिपासिंगला अजून दम असतो. स्पेअर नाना पेठेतनं स्वतः आण, गॅरेजवाल्याला नुसती मजुरी दे.

चाकण_सेकंडशिफ्ट:
चालेल. मोशीतच एक २०१३ ची आहे, मालक स्वतः विकतोय, २१ म्हणतो. रविवारी सकाळी जातो, न सांगता 😄