दोरीचं हॉल्टर की प्रेशर हॉल्टर? हाताने चालवताना ओढणारा घोडा

टापटीप
६ वर्षांचा खस्सी घोडा, अंगाने तगडा. खोगिराखाली तक्रार नाही, पण हाताने चालवताना दोन खोडी: माणसाच्या पुढे निघून खांद्याने रेटतो, आणि दारापाशी मान बाहेर फिरवून सुटतो. सध्या रुंद पट्टीचं नायलॉनचं हॉल्टर (घोडा धरायला तोंडावर चढवायची मोहरकी) आहे, त्यावर तो अख्खं वजन टाकतो. कुणी दोरीचं हॉल्टर सुचवतं, कुणी दाबाने आवळणारं. दोर किती जाडीचा, गाठी किती, बसवायचं कुठे, आणि त्यातच बांधून ठेवलं तर चालतं का?

गाठ_पक्की
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. दोरीच्या हॉल्टरमध्ये खुंट्याला पक्कं बांधू नका, ते घालून मोकळं सोडू नका, वाहनातही चढवून ठेवू नका. चामड्याचा पट्टा किंवा बकल जोरात तुटतं, हा दोर तुटत नाही. घोडा दचकून मागे ओढू लागला की कानांमागे दाब येतो, त्या दाबाने तो आणखी ओढतो. मानेच्या वरच्या स्नायुबंधाला इजा होते. मागे उलटून माथा आपटला तर कवटी फुटू शकते.

आता दोर. ६ मिमी जाडीचा, दुहेरी विणीचा पॉलिएस्टर घ्या. मध्यम घोड्याला एकाच अखंड तुकड्यातून बांधायला साधारण ७ मीटर लागतो. नायलॉन ताणला जातो, त्यामुळे ढील उशिरा पोहोचते. मऊ लुळा दोरही नको, तो चेहऱ्यावर चिकटून राहतो आणि सोडल्याचं घोड्याला कळत नाही. जितका बारीक दोर तितका दाब टोचरा, म्हणून सुरुवातीला ८ मिमी घेतला तरी बिघडत नाही. नाकपट्टीवर दोन गाठी येतातच. चार गाठींचं हॉल्टर नवख्या हातात देऊ नये.

बसवणं, इथे बहुतेकांचं चुकतं. डोळ्याखालून नाकाच्या दिशेने जाणारं गालाचं हाड बोटांनी चाचपा. नाकपट्टी त्या हाडाच्या टोकाखाली दोन बोटं बसायला हवी. आणखी खाली नाकाचं हाड निमुळतं होत संपतं आणि पुढे नुसती कुर्चा असते. तिथे गाठ आली तर दुखापत होते, श्वासही अडतो. गळ्याखालचा दोर जबड्याच्या गोल हाडाच्या मागे हवा. तो गालावर येत असेल तर हॉल्टर मोठं आहे, ओढलं की सरकून डोळ्यात जाईल.

बांधताना कानांमागून आलेलं टोक डावीकडच्या फासात मागून पुढे घ्या, वर ओढा, मग फासाच्याच मानेभोवती मागून फिरवून स्वतःखाली अडकवा. फासाच्या वर, दोराभोवतीच गाठ मारली तर ती एका जोरदार ओढीत अशी आवळते की सुटत नाही. उरलेलं टोक मागे, डोळ्यापासून लांब.

लीड दोर, म्हणजे हॉल्टरला जोडून हातात धरायचा दोर, १४ मिमी, साडेतीन ते चार मीटर. जड पितळी हूक हनुवटीवर आपटत राहतो, त्यापेक्षा दोराचाच फास जोडावा.

ढील_द्या
प्रेशर हॉल्टरबद्दल. यात नाकपट्टीचा दोर किंवा पट्टा कड्यांतून सरकतो: घोडा ओढतो तेव्हा आवळतो, तो पुढे आला की सैल पडतो. सैल पडायला हवा, मेख इथेच आहे. चिखल-घाम वाळून कडक झालेला दोर किंवा चुकीच्या कड्यात अडकवलेला लीड असेल तर घोडा ऐकूनही दाब सुटत नाही. मग त्याच्या दृष्टीने ऐकणं आणि न ऐकणं सारखंच. घालण्याआधी हाताने ओढून सोडून पाहा. आपोआप मोकळा झाला पाहिजे. काही हॉल्टरना शिकवण्यासाठी बाजूची, आवळणारी कडी आणि हनुवटीखाली वेगळं, न आवळणारं कडं असतं. बाजूच्या कड्याला बांधणं म्हणजे वरच्या धोक्याची दुप्पट.

कानांमागे धातूचे खिळे किंवा गोळे असलेले प्रकारही मिळतात. मी ते कुणालाच सुचवणार नाही. मागच्या पायांवर उभ्या राहणाऱ्या घोड्याला तर नाहीच, कारण वर जाऊन मागे पडणं हाच त्याला सुटकेचा मार्ग वाटतो.

टापटीप
म्हणजे दोरीचंच घेतो, ८ मिमी, दोन गाठी. पण तो पुढे रेटतो त्या क्षणी नेमकं काय करायचं? हिसका?

गाठ_पक्की
हो, एक-दोन छोटे हिसके, लगेच ढील. सतत ओढलंत तर तो त्यावर रेलेल.

ढील_द्या
अर्धं मान्य. रेलतो हे खरं, पण हिसक्याने गाठ हाडावर आदळते आणि तापट घोडा मुंडी उडवायला शिकतो. आधी शांत जागी, काही घडत नसताना, दाबाचा अर्थ शिकवा. दोर हातात घ्या, दोन बोटांच्या जोराने मागे दाब द्या आणि थांबा. उत्तर नाही तर दाब हळूहळू वाढवा, कमी करू नका. वजन मागे झुकलं, तेवढं पुरे: त्याच क्षणी हात उघडा. एका सेकंदाने उशिरा सोडलंत तर तो दुसरंच काही शिकतो. मग एक पाऊल, मग दोन. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा.

रेटणं: नाक तुमच्या खांद्यापुढे गेलं की थांबा, दोन पावलं मागे घ्या, पुन्हा चाला. तो सुटण्याआधी थांबा, नंतर नाही.

दारापाशी: मान बाहेर वळली की सरळ रेषेत तुम्ही हरणारच, वजन त्याचं आहे. वळण्याआधीच, कान आणि डोळा बाहेर गेला की, तुम्ही त्याच्या खांद्याजवळ राहून नाक आपल्याकडे, बाजूला घ्या. मागचे पाय सरकले की त्याचा जोर तुटतो. दोर हाताला गुंडाळू नका, घड्या करून मुठीत धरा. हातमोजे आणि हेल्मेट. तो वर उठलाच तर दोर ढिला सोडून बाजूला व्हा.

खूर_आणि_दात
एक राहिलं. खोगिराखाली नीट आणि हाताने वाईट, यात शिकवणीचा भाग मोठा असेलही, पण हॉल्टर बदलण्याआधी दात, कान आणि कानांमागची जागा तपासून घ्या. कानांमागे हलकं दाबल्यावर मान वर झटकतो का? तिथे आधीच दुखत असेल तर दोरीचं हॉल्टर त्याच जागी बोट ठेवतं. नेहमी एकाच बाजूच्या गोष्टीला दचकत असेल तर त्या डोळ्याची नजरही बघून घ्या.

चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या फांद्या गालाच्या स्नायूवरून अगदी कातडीखालून जातात. खालचा ओठ एका बाजूला लोंबला, नाकपुडी एकीकडे ओढली गेली किंवा तोंडातून चारा सांडू लागला तर हॉल्टर काढा आणि पशुवैद्यांना बोलवा. भूल देऊन आडवा पाडलेल्या घोड्याचंही हॉल्टर याच कारणाने काढतात.

रोजच्या वापरात केस गेलेली किंवा पांढरे केस उगवलेली जागा शोधा. ती नाकपट्टीखाली असेल तर दाब जास्त वेळ धरला जातोय.