विश्रांती ही आज्ञा, की ऐपत?

रात्रपाळी: काल इथे 'शांत पाण्याजवळ' यांनी लिहिलं, "ज्याला आठवड्यातून एक दिवस थांबता येत नाही, त्याचा देवावर भरवसाच नाही. फोन बंद, काम बंद, प्रभू सांभाळेल." डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितेय. मी नर्स आहे. वॉर्डला रविवार नसतो. एकीकडे सलाइन संपत आलेलं, दुसरीकडे बेल वाजतेय, आणि कोपऱ्यातल्या खाटेवरच्या आजोबांना कुशीवर वळवायचंय, नाहीतर पाठीला जखमा होतात. तिथे प्रभू सांभाळेल म्हणून खुर्चीत बसू? तो माझ्याच हातांनी सांभाळतो. आणि चर्चच्या मंडळीत ऐकायचं काय, तर "हल्ली उपासनेला दिसत नाहीस!"

शांत पाण्याजवळ: ताई, नर्सबद्दल मी लिहिलंच नव्हतं. येशूने शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या, दिवशीच वाळलेल्या हाताचा माणूस बरा केला (मार्क ३). पण रात्री अंथरुणात पडून ऑफिसचे ईमेल बघणाऱ्यांचं काय? त्यांच्यासाठी कुठली बेल वाजते? अरण्यात देव इस्राएल लोकांना द्यायचा ते अन्न, मान्ना, सहाव्या दिवशी दुप्पट मिळायचं, तरी काही जण सातव्या दिवशी गोळा करायला गेलेच, आणि हात हलवत परत आले (निर्गम १६). हा अविश्वास नाही तर काय?

सातवा दिवस: देवाने थांबायला सांगितलेला सातवा दिवस म्हणजे शनिवार. रविवारच्या सुटीचा कायदा इ.स. ३२१ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने केला. आज्ञा देवाची आणि दिवस सम्राटाचा?

बाकावरचा: झालं, पुन्हा तेच! कुठलाही विषय निघू दे, तुमची गाडी शनिवारवरच. आठवड्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे रविवारी, भाकर मोडायला शिष्य जमल्याचं प्रेषितांची कृत्ये २०:७ मध्ये आहे. तेव्हा कुठे होता कॉन्स्टंटाइन?

सातवा दिवस: जमले, मान्य. काम थांबवलं असं कुठे लिहिलंय? आणि तुमच्या त्या कायद्यात शेतकऱ्यांना कामाची मोकळीक होती. देवाच्या आज्ञेत नांगरणी-कापणीच्या दिवसांतही थांबायला सांगितलंय (निर्गम ३४:२१).

बाकावरचा: कलस्सैकरांस २:१६ वाचा. शब्बाथावरून कोणी तुमचा न्याय करू नये. तुम्ही इथे दुसरं काय करताय?

सातवा दिवस: मी न्याय करतोय? शनिवारी कामावर येणार नाही म्हटलं म्हणून माझी नोकरी गेलीय. मला 'पुन्हा तेच' म्हणू नका.

बाकावरचा: नोकरीचं ठाऊक नव्हतं. 'पुन्हा तेच' मागे घेतो. वचनाचा अर्थ मात्र बदलत नाही.

पाळकीण: भांडा तुम्ही दिवसावरून. शनिवारी रविवारची तयारी आणि रविवारी उपासना, संडे स्कूल, कमिटी, मग आजाऱ्यांच्या भेटी. पाळकांना संध्याकाळी बोलायचंही त्राण उरत नाही, तेवढ्यात कुणीतरी विचारतं, "आज संदेश जरा आटोपता घेतलात?" अनुवाद ५:१४ बघा. तुझ्या दासाला आणि दासीलाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा. ज्याच्या हाताखाली माणसं राबतात, त्याला ही आज्ञा आहे. स्वतः किती थांबलात हे नंतर सांगा, आधी तुमच्यामुळे कुणाला थांबता आलं ते सांगा.

शांत पाण्याजवळ: पण येशू घरी आल्यावर पाहुणचारात गुंतलेल्या मार्थेला प्रभू म्हणालाच ना, की तू फार दगदग करतेस?

पाळकीण: म्हणाला. तिचं नाव घेऊन उपदेश करणाऱ्यांपैकी किती जणांनी उठून भांडी घासली?

रात्रपाळी: अगदी! संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याचा भरवसा तपासला नाही. खायला दिलं, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं (१ राजे १९). पाळी संपवून आलेल्या माणसालाही तेवढंच हवं असतं.

शांत पाण्याजवळ: बरं, 'भरवसाच नाही' हे वाक्य काढतो. ईमेलवाल्यांबद्दलचं एक अक्षरही काढणार नाही.

रात्रपाळी: नका काढू. पण तुमच्या मंडळीतली रविवारची कमिटी बंद करायला तुम्हीच उभे राहा.

शांत पाण्याजवळ: बाकीच्या दिवशी लोक येत नाहीत हो.

पाळकीण: मग ज्यांना यायचंय त्यांच्यासोबत बुधवारी घ्या.