शब्दचर्चा : कॉन्सन्ट्रेशन म्हणजे तीव्रता, संहती की नुसतंच प्रमाण?

मंडळी, एक शंका. माझी भाची फोंड्याला अकरावीत आहे. आमच्याकडे गोव्यात पाचवीपासून सगळं इंग्रजीत, त्यामुळे केमिस्ट्री मराठीतून बोलायची सवयच नाही कुणाला. परवा तिला सोल्यूशनचा धडा समजावायला बसले आणि कॉन्सन्ट्रेशनपाशीच अडले. मी म्हटलं तीव्रता, आई आतून ओरडली दाटपणा म्हण गो, आणि तिच्या दादाने कुठल्याशा हिंदी गाइडातून सांद्रता काढलं. बोलताना तुम्ही काय वापरता?

प्रतिसाद

ताई, तीव्रता तेवढं नको, बाकी काहीही चालेल. वेर्ण्याला लॅबमध्ये बरीच वर्षं काढली, तिथे आम्ही सगळे ‘स्ट्रेंथ किती’ असंच विचारतो आणि त्यानेच घोळ होतो. महाराष्ट्राच्या शाळेच्या पुस्तकांत यासाठी ‘संहती’ आहे आणि जास्त संहतीचं ते संहत, कमी ते विरल. तीव्र आणि सौम्य ही जोडी वेगळी, ती ऍसिडच्या स्वभावाबद्दल आहे. ग्लेशियल असेटिक ऍसिड घ्या, बाटलीत जवळजवळ शंभर टक्के, १७.४ मोलरच्या आसपास (म्हणजे दर लिटर द्रावणामागे १७.४ मोल, मोल हे रेणू मोजायचं माप), नाकाजवळ धरवत नाही, तरी ते सौम्यच, कारण पाण्यात घातलं की त्याचे अगदी थोडे रेणू आयन, म्हणजे विजेचा भार असलेले कण, देतात. उलट ०.०१ मोलर हायड्रोक्लोरिक म्हणजे पाण्यासारखं, तरी तीव्रच, जेवढं विरघळलंय तेवढं सगळं आयन होतं म्हणून पीएच (आम्लपणाचा आकडा, जितका कमी तितकं जास्त आम्ल) २ येतो. त्यामुळे ‘ऍसिड सौम्य करून घे’ म्हणू नये, विरल कर म्हणावं, नाहीतर सरळ पातळ कर. (ऍसिड पाण्यात ओतायचं, पाणी ऍसिडात नाही, हे इथे सांगायला नको, पण सांगतो.)

पण खरी गंमत संहतीत नाही, ‘मध्ये’त आहे. एकदा नवीन आलेल्या पोराला सांगितलं पाच टक्के मिठाचं द्रावण कर, वजनाने. त्याने शंभर ग्रॅम पाणी घेतलं, त्यात पाच ग्रॅम मीठ टाकलं आणि हसत हसत आणून दिलं. झालं किती, तर १०५ ग्रॅम द्रावण, म्हणजे ४.७६ टक्के! त्याची चूक नव्हती, ‘शंभरमध्ये पाच’ असं मीच म्हटलेलं. तेव्हापासून मी ‘पैकी’ म्हणतो. शंभर ग्रॅम द्रावणापैकी पाच ग्रॅम मीठ, म्हणजे पाणी ९५. एक शब्द बदलला की मांडणी आपोआप बरोबर येते.

मोलॅरिटी आणि मोलॅलिटीचंही तेच. ५८.४४ ग्रॅम, म्हणजे एक मोल मीठ थोड्या पाण्यात विरघळवून मग एक लिटरच्या खुणेपर्यंत पाणी भरलं, की एक मोलर. तेच मीठ मोजून एक किलो पाण्यात टाकलं, की एक मोलल. पहिल्यात ‘होईस्तोवर’, दुसऱ्यात खरोखरचं ‘मध्ये’.

प्रतिसाद

आमचे सर सांगायचे, मोलॅलिटीत ल, किलोतही ल, तसं लक्षात ठेवा. मागून एकजण म्हणाला सर, लिटरमध्येपण ल आहे. तास संपला.

प्रतिसाद

तुम्ही सगळे शहाणे लोक, पण गोव्यात बसून या विषयात फेणी कोणी काढली नाही अजून? आमच्या गावच्या भट्टीवर संहती नाही नि टक्के नाहीत, तिथे ग्राव. उर्राक, म्हणजे काजूच्या रसाची पहिल्या धारेची दारू, चौदा-पंधरा ग्रावचा, फेणी एकोणीस-वीस. पोर्तुगीज ग्राव म्हणजे अंश, काचेचा तरंगकाटा दारूत सोडायचा आणि किती बुडतो ते वाचायचं. बाहेरचे पाव्हणे वीस ग्राव म्हणजे वीस टक्के समजतात, मग रात्री त्यांना उचलून न्यावं लागतं, कारण बाटलीवर ४२.८ टक्के असतं आणि तेही आकारमानाने. आणि दुकानातल्या रमच्या बाटलीवर २५ यूपी लिहिलेलं बघितलंय? माझा मेव्हणा कित्येक वर्षं समजत होता की माल उत्तर प्रदेशचा. ते अंडर प्रूफ, जुन्या ब्रिटिश हिशोबात ५७.१५ टक्के म्हणजे १०० प्रूफ, त्याच्या पंचवीस खाली ७५ प्रूफ, गुणाकार करा, ४२.८६ येतात, तेच बाटलीवरचं ४२.८.

प्रतिसाद

काका, तुमच्या फेणीला पण ‘होईस्तोवर’च लागतं बरं का. पन्नास मिली शुद्ध अल्कोहोल आणि पन्नास मिली पाणी एकत्र केलं तर शंभर होत नाही, ९६-९७ वर थांबतं. म्हणून आकारमानाच्या टक्क्यात पाणी मोजून घालायचं नसतं, खुणेपर्यंत भरायचं.

मूळ प्रश्न विचारणारी

सगळ्यांचे आभार, विशेषतः पैकीवाल्या दादांचे. काल भाचीचं एक गणित अडलं होतं, हायड्रोक्लोरिक ऍसिड ३७ टक्के, घनता १.१८, मोलॅरिटी काढा. तिने ३७ ला ३६.४६ ने (एक मोल हायड्रोक्लोरिकचे ग्रॅम) भागलं, दहाने गुणलं आणि १०.१ लिहून मोकळी झाली. मी केमिस्ट्री विसरलेली बाई, पण म्हटलं, ३७ कशापैकी गो? शंभर ग्रॅमपैकी, म्हणाली, आणि स्वतःच थांबली, कारण तिने शंभर मिली धरलेले. लिटरचं वजन ११८० ग्रॅम, त्यातले ३७ टक्के म्हणजे ४३६.६, भागिले ३६.४६, बारा मोलर. तोपर्यंत १.१८ तिला उगाच दिलेला आकडा वाटत होता.

आता घरात नवीन वाद. आईने चेपणीच्या तोरांसाठी (मिठाच्या पाण्यात मुरवायच्या कैऱ्या) पाणी केलं, मीठ तळाशी उरेपर्यंत घालत राहिली, म्हणजे संपृक्तच की. भाची म्हणते शंभर ग्रॅम पाण्यात ३६ ग्रॅम विरघळतं म्हणजे ३६ टक्के. मी म्हटलं ३६ भागिले १३६ करून बघ, साडेसव्वीस येतात. आई म्हणतेय दोघींनी आधी तोरं धुऊन द्या.