सारा शेनिरर यांच्या शाळेला सनातनी ज्यूंनी मान्यता कशी दिली?

प्रश्न : मुलीला तोरा (ज्यूंचे धर्मशास्त्र) शिकवू नये, असे रब्बी (ज्यू धर्मगुरू) एलिएझर यांचे मत ताल्मूद या प्राचीन ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथात आहे आणि परंपरेने ते दीर्घकाळ प्रमाण मानले. असे असताना क्राकूवमधील सारा शेनिरर या शिवणकाम करणाऱ्या स्त्रीने 1917 मध्ये मुलींसाठी धार्मिक शाळा काढली आणि रब्बींनी तिला आशीर्वाद दिला, हे कसे घडले?

प्रतिसाद 1 : गॅलिशियात, म्हणजे क्राकूव ज्यात होते त्या तेव्हाच्या ऑस्ट्रियन प्रांतात, शालेय शिक्षण सक्तीचे होते. मुलगे हेदेरमध्ये, म्हणजे मुलग्यांच्या पारंपरिक धार्मिक शाळेत, तोरा शिकत. मुली मात्र सरकारी पोलिश शाळेत जात, तेथे पोलिश आणि जर्मन साहित्यात रमत, आणि घरचा धर्म त्यांना आईच्या सवयींपुरताच ठाऊक असे. काही मुलींनी तर घर सोडून ख्रिस्ती मठांचा आश्रय घेतला. साराबाईंचा जन्म 1883 चा; गिऱ्हाईक स्त्रिया कपड्याच्या मापाबाबत किती काटेकोर असतात आणि आत्म्याबाबत किती निष्काळजी, हे त्या रोजच पाहत होत्या. पहिल्या महायुद्धात त्या व्हिएन्नाला गेल्या. तेथे रब्बी फ्लेश यांनी हनुक्का या ज्यू सणाच्या प्रवचनात यहुदिता या शूर ज्यू स्त्रीची कथा सांगितली आणि साराबाईंच्या मनात शाळेची कल्पना रुजली.

प्रतिसाद 2 : बेल्झ येथील हसिदी पंथाच्या प्रमुख रब्बींचा आशीर्वाद निर्णायक ठरला, कारण साराबाईंचे घराणे त्यांना मानणारे होते. शास्त्रार्थाची अडचण मात्र हाफेत्झ हाईम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या थोर रब्बींनी सोडवली : पूर्वी घरातील परंपरा पुरेशी होती, आता ती दुबळी झाली आहे आणि मुली परक्या लिपीत वाचू लागल्या आहेत, तेव्हा त्यांना शिकवणे कर्तव्यच ठरते. बदलाचे समर्थन परंपरा टिकवण्याच्याच भाषेत झाले, आणि माझ्या मते खरी हुशारी तिथेच आहे.

प्रश्नकर्ती : मग मोठ्या मुलींनी लगेच प्रतिसाद दिला का?

प्रतिसाद 1 : नाही. मोठ्या मुलींनी साराबाईंची थट्टाच केली, म्हणून त्यांनी सुमारे 25 लहान मुलींपासून सुरुवात केली. नाव ठेवले ‘बैस याकोव’, म्हणजे याकोबाचे घराणे. तोरातील निर्गम ग्रंथात आलेल्या या शब्दांचा अर्थ राशी या मध्ययुगीन भाष्यकारांनी ‘स्त्रिया’ असा लावला आहे. पुढे अगुदात इस्राएल या सनातनी ज्यूंच्या संघटनेने शाळा आपल्या छत्राखाली घेतली, लिओ डॉइचलेंडर यांनी निधी आणि अभ्यासक्रमाची घडी बसवली, क्राकूवमध्ये शिक्षिकांसाठी अध्यापिका विद्यालय उभे राहिले. तोवर साराबाई आपल्या किशोरवयीन विद्यार्थिनींनाच शिक्षिका म्हणून गावोगाव पाठवत. 1935 मध्ये त्या वारल्या, तेव्हा शाळांची संख्या शेकड्यांत पोचली होती.