डिफेन्सच्या खरेदीचं ऑडिट सॉफ्टवेअरने सुधारतं का? जाणकारांनी सांगा

भोसरीकर८७
नमस्कार मंडळी, मी पुण्यात एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे, डेटाबेस आणि रिपोर्टिंगचं काम. आमच्या साहेबांच्या डोक्यात आलंय की संरक्षण खात्याच्या खरेदीच्या ऑडिटसाठी टूल बनवायचं, म्हणजे बिलं आत टाकायची आणि डुप्लिकेट बिल, चढा रेट वगैरे असेल तर ते लाल होऊन दिसेल. मला अभ्यासाला दोन आठवडे दिलेत. वाचता वाचता बेनफर्डचा नियम सापडला, खऱ्या आकड्यांत पहिला अंक १ असायचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास आणि ९ चं पाचच्याही खाली, कोणी आकडे मनाने बनवले की हे गणित बिघडतं. मला तर एकदम भारी वाटलं. पण तिकडे प्रत्यक्षात हे चालतं का? कोणी आतलं आहे का इथे?

रिटायर्ड_हिशोबनीस
आतला होतो, आता नातवाला शाळेत सोडतो. डिफेन्स अकाउंट्समध्ये ३० वर्षं काढली म्हणून लिहितोय.

बेनफर्ड आधी बाजूला ठेव. आमच्याकडे रेट कॉन्ट्रॅक्ट असतं, एकच रेट वर्षभर आणि त्याच रेटने शेकडो बिलं. रेट ४७० असेल आणि बिल दहा-दहा नगांचं असेल तर प्रत्येक बिल ४ नेच सुरू होणार ना बाबा. तुझं टूल सगळंच लाल करेल आणि तिसऱ्या दिवशी ऑडिटर ते बघायचं सोडून देईल.

खरी गोची नावात आहे. रेट बरोबर की चूक हे ठरवायला सगळ्यात आधी बघतात लास्ट पर्चेस रेट, मागच्या खेपेला केवढ्याला घेतलं ते. आता ते शोधायचं कशावरून तर वस्तूच्या नावावरून, आणि नाव ज्याने त्याने आपापल्या मनाने लिहिलेलं. एका डेपोत (नाव सांगत नाही) मी एक रबरी सील पकडलं होतं, एका लेजरला 'वॉशर रबर', दुसऱ्याला 'रिंग सीलिंग', तिसऱ्याला नुसतंच 'सील ऑइल'. पुरवठादार तोच. एकीकडे ३८ रुपये, दुसरीकडे ११२. तिन्ही लेजर टेबलावर उघडे ठेवून ड्रॉइंग नंबर जुळवत बसलो तेव्हा कुठे कळलं, आणि तेही योगायोगानेच, कारण एका डब्यावरचं लेबल शाबूत होतं. याला चोरीच म्हणावं असंही नाही, तीन कारकुनांनी तीन नावं लिहिली आणि व्यापाऱ्याने फायदा घेतला. कोडिफिकेशनचा, म्हणजे प्रत्येक वस्तूला एकच ठरावीक क्रमांक द्यायच्या पद्धतीचा, १३ आकडी स्टॉक नंबर असतो, पहिले चार गट-वर्ग, मग दोन देशाचे, उरलेले सात वस्तूचे. तो प्रत्येक बिलावर नीट असता तर निम्मं काम झालं असतं. नसतो.

दुसरं म्हणजे तारखा. माल उशिरा आला की एलडी, म्हणजे उशिराचा दंड, कापायचा, माझ्या वेळच्या २००९ च्या खरेदी मॅन्युअलप्रमाणे तो आठवड्याला अर्धा टक्का आणि जास्तीत जास्त दहा टक्के होता. हे कापायचं राहून जातं आणि मग कॅगवाले येऊन हाफ मार्जिन (ऑडिटची लेखी हरकत) देतात. पीओतली (खरेदी ऑर्डरमधली) तारीख आणि इन्स्पेक्शन नोटवरची तारीख यांची वजाबाकी तर पोरगंसुद्धा करेल, तुझं सॉफ्टवेअर का नाही करणार?

खोचक_सदाशिवपेठी
सॉफ्टवेअर लाल करेल, साहेब हिरवं करतील. झालं तुमचं टूल.
आणि राफेलचा कॅग रिपोर्ट विसरलात का, फेब्रुवारी २०१९, २.८६ टक्के स्वस्त पडलं म्हणे पण किमतीचे आकडे गाळलेले. आकडेच नसतील तर कसलं अ‍ॅनालिटिक्स करताय.

रिटायर्ड_हिशोबनीस
@खोचक, आकडे छापील रिपोर्टमधून गाळले होते हो, कॅगने ते बघितले होते. आणि विमानं म्हणजे कॅपिटल खरेदी, ती फाइल माणसंच पानोपान वाचतात. हा पोरगा म्हणतोय ती रोजची खरेदी, नटबोल्ट, बॅटऱ्या, ताडपत्र्या. बिलांचा ढीग तिथेच असतो.

व्हर्जिनियावासी_मी
मी इकडे एका डिफेन्स कॉन्ट्रॅक्टरकडे अकाउंट्सला आहे, म्हणजे माझं ऑडिट होतं 😄. इकडे डीसीएए म्हणून अमेरिकन संरक्षण खात्याची ऑडिट एजन्सी आहे, १९६५ पासूनची. त्यांचा अर्धा जीव टाइमशीटमध्ये, प्रत्येकाने आपले तास रोजच्या रोज आपणच भरायचे, चूक दुरुस्त केली तर जुना आकडा, कोणी बदलला, का बदलला सगळं राहिलं पाहिजे. एकदा ऑडिटर न सांगता आमच्या मजल्यावर आली आणि थेट एका पोराच्या खुर्चीमागे उभी राहून विचारते, आत्ता काय करतोयस आणि हे तास कुठल्या कामाच्या कोडला टाकणार? तो बिचारा कोडच विसरला. हे कुठल्या सॉफ्टवेअरने झालं असतं सांगा.

पण किमतीचं काकांनी सांगितलं तेच इकडेही. ट्रान्सडाइम कंपनीचं प्रकरण शोधा, २०१९ मध्ये पेंटॅगॉनच्या इन्स्पेक्टर जनरलने ४७ सुटे भाग तपासले तर ४६ वर अवाच्या सवा नफा, कंपनीला १.६१ कोटी डॉलर परत करावे लागले. अर्ध्या इंचाची एक पिन ४,३६१ डॉलरला, जी ४६ ला पडायला हवी होती. आणि गंमत अशी की ही चूक कोणाच्या डोळ्याला दिसत नव्हती असं नाही, पण ठरावीक रकमेखालच्या ऑर्डरला कंपनीवर खर्चाचा प्रमाणित हिशोब द्यायची सक्तीच नाही, आणि अधिकाऱ्याने नुसता मागितला तर कंपनी बहुतेक वेळा नाही म्हणाली. लाल दिवा लावून काय करणार, पुढे विचारायचा अधिकार पाहिजे ना.

डेटावाला_नाशिक
दोन गोष्टी. कॅगकडे २०१६ पासून स्वतःचं डेटा अ‍ॅनालिटिक्स सेंटर आहे, त्यामुळे "आम्ही पहिले" असं प्रेझेंटेशनमध्ये लिहू नकोस, हसं होईल. आणि क्लाउड विसर. हा डेटा बाहेर येणार नाही, तुझं टूलच नेट नसलेल्या त्यांच्या मशीनवर जाऊन बसेल, एक्सेलचा डंप मिळाला तरी नशीब समज.
अजून एक, ऑर्डरचे तुकडे बघ. जीएफआर २०१७ (सरकारी खर्चाचे सर्वसाधारण नियम) च्या नियम १५७ ने वरची मंजुरी टाळायला मागणीचे तुकडे करणं मना आहे, तरी एका महिन्यात एकाच वस्तूच्या चार ऑर्डरी, चारही साहेबाच्या पॉवरच्या जरा खाली, हे दिसतंच. त्याला एआय लागत नाही, एक ग्रुप-बाय (डेटाबेसमध्ये नोंदींचे गट पाडायची साधी कमांड) पुरतो.

भोसरीकर८७
बापरे, सगळ्यांचे आभार, दोन आठवड्यांचं काम दोन दिवसांत झालं. साहेबांना सांगतो की बेनफर्ड रद्द, आधी नावं आणि ड्रॉइंग नंबर जुळवायचं इंजिन, मग एलडीच्या तारखा आणि तुकडे. काका, ड्रॉइंग नंबर जसाच्या तसा मॅच केला तर चालेल ना? नंबर तर नंबरच असतो.

रिटायर्ड_हिशोबनीस
अजिबात नाही! जुनी ड्रॉइंगं टाइपरायटरवरची, आणि बऱ्याच मशीनना एकचा आकडाच नसायचा, बोटं छोटा एल दाबायची. पुढे ते बघून कॉम्प्युटरवर चढवणाऱ्याने कुठे एल ठेवला, कुठे एक केला. शून्य आणि ओ चं तर विचारूच नकोस. ते दोन्ही एकच धरून बघ, निम्म्या जोड्या तिथेच सापडतील.