धुळीआडची दीर्घिका

"धुळीने प्रकाश अडवला, तर आत तारे जन्मताहेत हे कळलं कसं?" धुळीने झाकलेल्या दूरच्या दीर्घिकांबद्दल (म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहांबद्दल) हा प्रश्न रास्त आहे. धूळ प्रकाश गिळते, पण पचवत नाही! तापून तीच ऊर्जा अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांत बाहेर टाकते. विश्वाच्या प्रसरणामुळे ते किरण ताणले जातात आणि आपल्यापर्यंत मिलिमीटरहून थोड्या कमी तरंगलांबीचे होऊन पोचतात. हवेतलं बाष्प त्यांना शोषून घेतं, म्हणून दुर्बीण कोरड्या, उंच जागी लागते.

एक उदाहरण देतो. १९९५ च्या डिसेंबरात हबल अवकाश दुर्बिणीने सप्तर्षींतल्या एका इवल्याशा तुकड्याकडे सलग १० दिवस टक लावली. हजारो दीर्घिका दिसल्या. १९९८ मध्ये हवाईतल्या मौना केआवरच्या १५ मीटरच्या जेम्स क्लर्क मॅक्सवेल दुर्बिणीने तोच तुकडा ८५० मायक्रॉन (०.८५ मिलिमीटर) तरंगलांबीवर पाहिला, तर सगळ्यांत तेजस्वी ठिपका होता तिथे हबलच्या चित्रात काहीच नाही! नाव ठेवलं एचडीएफ ८५०.१; एचडीएफ म्हणजे 'हबल डीप फील्ड', हबलने पाहिलेला तो तुकडा (बारशाच्या बाबतीत खगोलशास्त्रज्ञ कंजूषच).

हा ठिपका म्हणजे धुळीआडची एक दीर्घिका; तिचं अंतर ठरायला २०१२ उजाडलं. वर्णपटातल्या कार्बन मोनॉक्साइडच्या रेषांवरून ताम्रसृती (प्रसरणामुळे प्रकाश किती ताणला गेला त्याचं माप) ५.१८ निघाली, म्हणजे तो प्रकाश निघाला तेव्हा विश्व जेमतेम १.१ अब्ज वर्षांचं होतं. आणि तिथे वर्षाला सुमारे ८५० सूर्यांच्या वस्तुमानाएवढे तारे घडत होते. आपल्या आकाशगंगेत हा आकडा एक-दोनच्या घरात आहे.

मला मात्र खरं कोडं वाटतं ते इतक्या लवकर एवढी धूळ आली कुठून याचं. महातारे स्फोटात धूळ बनवतात खरे, पण त्याच स्फोटाचा धक्का त्यातली बरीच भाजून टाकतो.