मदत हवी आहे: इग्बो बारशाचं आमंत्रण आहे आणि बाळाला एक नाव आम्हीही द्यायचंय

गवतीचहा

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही नायजेरियात, लागोसला असतो. त्याच्या कारखान्यातले प्रॉडक्शनचे साहेब इग्बो आहेत (देशाच्या आग्नेय भागातला मोठा समाज), मूळचे तिकडच्या न्नेवीचे. त्यांना पहिली मुलगी झाली. नामकरण त्यांच्या इथल्याच घरी, फेस्टॅकला आहे. गावाहून मोठे काका येणार आहेत. दिवस धरलाय जन्मापासून तिसरा 'इझू' संपेल तो. हा त्यांचा जुना चार दिवसांचा आठवडा: एके, ओरिए, आफो, न्क्वो. तीन चोक बारा. म्हणजे बारसंच की हो!

इथवर मी खूश होते. मग साहेब नवऱ्याला म्हणाले, "तुम्ही दोघांनीही बाळासाठी एक नाव घेऊन या." नवरा मान डोलावून आला, विचारलं काहीच नाही. आता माझी पंचाईत.

प्रश्न असे:
नाव खरंच न्यायचं, की ती बोलण्याची रीत आहे? मी ऋतुजा, श्रीजा, अन्वी असं काढून ठेवलंय. साहेबांची आई गेल्या वर्षी वारली, तर त्या आजीचं नाव ठेवतील का? आपल्याकडे ठेवतात तसं?

मी शाकाहारी. ते कोलाचं फळ देतात म्हणे, ते खाल्लं नाही तर चालतं का?

भेट काय न्यावी? आणि साडी नेसू का?

शिवाय एक गोष्ट कळली नाही. दवाखान्यात बाळ बघायला गेले, तर बाळाच्या आईच्या आईने पर्समधून पावडरचा डबा काढला, तळहातावर भरपूर ओतली आणि काही न बोलता माझ्या गळ्याला, दोन्ही गालांना फासली. मग स्वतःलाही लावली आणि कॉरिडॉरमध्ये चार पावलं नाचल्या. मी तशीच टॅक्सीत बसले. ड्रायव्हरने आरशात बघून "मुलगा की मुलगी?" विचारलं. त्याला कसं कळलं?

---

तिरकस

ऋतुजा? ताई, आपल्या लोकांत तिचं रितुजा, रुतुजा, ऋत्विजा सगळं होतं. त्या पोरीने काय पाप केलंय.

---

एनुगूचा_जुना

मी नव्वदच्या दशकात एनुगूला, म्हणजे इग्बो भागातच होतो, तेव्हा अशा कार्यक्रमांना बऱ्याचदा गेलोय. पावडरचं आधी सांगतो, कारण ते सगळ्यात गोड आहे. पूर्वी 'न्झू' लावायचे, पांढरी खडूसारखी माती. जन्माची बातमी आली की वाड्यातल्या बायका तो फासून, बाळंतपणाची गाणी म्हणत नाचत निघायच्या. आता न्झूची जागा टाल्कम पावडरने घेतलीय. गळ्याला पावडर म्हणजे ही बाई बाळाच्या घरून आली, हे रस्त्यावरच्या कोणालाही कळतं. ड्रायव्हर इग्बो असणार. कार्यक्रमालाही फासतील. पुसू नका, आणि काळा ब्लाउज घालू नका.

कोला. इग्बो भाषेत 'ओजी'. याशिवाय काहीही सुरू होत नाही. यजमान ताटलीत आणतो, ताटली हातोहात फिरते, बड्या मंडळींना दाखवून परत यजमानाकडे येते, मग सर्वांत वडीलधारा माणूस ती हातात धरून प्रार्थना म्हणतो. ओजी आणणारा आयुष्य आणतो, अशी त्यांची म्हणच आहे. प्रार्थना इग्बोतच होते, कारण ओजीला इंग्रजी कळत नाही! प्रत्येक वाक्यानंतर सगळे एका सुरात "इसे!" म्हणतात. आपण "तथास्तु" म्हणावं तसं. तुम्हीही म्हणा, जोरात म्हणा. त्यांना फार आवडतं.

मग तो फोडतात. पाकळ्या मोजतात. चार निघाल्या तर चार बाजार-दिवसांच्या (तुम्ही लिहिलेले एके, ओरिए, आफो, न्क्वो) म्हणून लोक खूश होतात. फोडणं पुरुषांचं काम, त्यावर आजकाल त्यांच्याच मुली भांडतात, पण तुम्ही पाहुण्या आहात, तिथे वाद नको. तुकडा उजव्या हाताने घ्या. डावा हात पुढे करू नका, हे तर आपल्यालाही सांगायला नको. फळच आहे, तुमच्या शाकाहाराला अडचण नाही. अतिशय कडू. नाहीच गेलं तर पर्समध्ये ठेवा, कोणी बघत बसत नाही. पण घेतलंच नाही, तर लक्षात राहतं.

सोबत बहुतेक छोटी पांढरी-हिरवी वांगी कच्चीच ठेवतील आणि भाजलेल्या शेंगदाण्यांची तिखट चटणी, 'ओसे ओजी'. ही खरी मेजवानी. मी ओजी सोडून वांग्यावरच ताव मारायचो.

काकांच्या डोक्यावर लाल टोपी असेल तर त्यांना समाजातली मानाची पदवी मिळालेली आहे. आपण होऊन हस्तांदोलनाला हात पुढे करू नका, ते करतील तसं करा. तळव्याऐवजी हाताची मागची बाजू तीनदा टेकवतात, नवऱ्याला आधी सांगून ठेवा.

---

सूनबाई_न्नेवी

मी पुण्याची, सासर न्नेवी. त्यामुळे नावाचं मी सांगते.

नाव खरंच न्यायचं. आमच्याकडे बाळाला एकच नाव नसतं. आजोबा एक देतात, आजी एक, आईबाप एक, जवळची माणसं आपापलं. कागदावर दोन-तीनच जातात, बाकीची ज्याने दिली तो आयुष्यभर त्याच नावाने हाक मारतो. माझ्या मुलाला दोन आत्या दोन वेगळ्या नावांनी बोलावतात आणि तो दोन्हींना ओ देतो.

अर्थ पाठ करून जा, कारण तो उभं राहून सांगावा लागतो. इग्बो नाव म्हणजे बऱ्याचदा अख्खं वाक्य असतं. चिनेडू, देव वाट दाखवतो. न्नेका, आई सगळ्यांत मोठी. ओझोएमेना, असं पुन्हा न घडो. हे नाव ऐकलं की त्या घरात आधी काय झालं असेल ते विचारायचं नसतं. लेखक चिनुआ अचेबे यांचं पूर्ण नाव चिनुआलुमोगू, म्हणजे माझी लढाई देवाने लढावी. बाप्तिस्म्यातलं आल्बर्ट त्यांनी पुढे सोडून दिलं. तेव्हा "अन्वी म्हणजे एक देवीचं नाव" एवढं सांगून बसाल तर समोरचे अजून पुढच्या वाक्याची वाट बघत राहतील. शिवाय घर कॅथलिक असेल तर देवीचं नाव टाळलेलंच बरं.

आजीचं नाव: बहुतेक मुलगी 'न्नेन्ना' होणार. बापाची आई. गेलेलं माणूस त्याच घरात परत येतं, 'इलो उवा', हा जुना समज आहे. चर्चला जाणारी माणसंही हसत हसत मानतात. पूर्वी कोण परत आलंय ते दिबियाला, म्हणजे जाणत्याला विचारून ठरवायचे. आता नाक-कपाळ बघून घरच्या बायकाच निकाल देतात. साहेब त्या पोरीला "न्ने", आई, म्हणू लागले तर आश्चर्य वाटू देऊ नका. त्या क्षणी रडतीलही. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष आझिकिवे यांचं न्नामदी हे नाव त्याच जातीचं: माझे वडील जिवंत आहेत.

आणि पहिली मुलगी म्हणजे 'अडा'. ते नुसतं नाव नाही, पद आहे. मोठेपणी माहेरच्या भानगडीत तिचा शब्द चालतो. माझ्या थोरल्या नणंदेपुढे सासरेही आवाज खाली आणतात.

तुम्ही 'आनंदी' न्या. व्यंजनं एकमेकांवर चढलेली नसली की त्यांच्या तोंडात बसतं. श्रीजाचं शिरिजा होईल. आनंदीला त्यांच्याकडे जोडही आहे, अनुली, म्हणजे आनंद. "आमच्या भाषेतली अनुली" म्हणालात की अर्धं घर टाळ्या वाजवेल.

---

गवतीचहा

आनंदी! नवऱ्याच्या पणजीचं नाव तेच होतं, तो एकदम उत्साहात आलाय. भेटीचं आणि साडीचं कोणी सांगेल का? आणि तिथे नोटा उडवतात म्हणे, त्याचं काय?

---

एनुगूचा_जुना

नोटा उधळू नका. तिथल्या सेंट्रल बँकेच्या २००७ च्या कायद्याने तो गुन्हा आहे, आणि २०२४ मध्ये एका नामांकित व्यक्तीला त्यासाठी सहा महिन्यांची शिक्षा झाली. लोक अजून करतात, पण परदेशी माणसाने त्या फंदात पडू नये. पाकीट द्या, नावाची घोषणा केल्यावर.

---

सूनबाई_न्नेवी

पाकिटासोबत डायपर, बाळाचा साबण, कपडे धुण्याची पावडर. कंटाळवाणं वाटेल, पण हेच चालतं.

त्या पावडरवाल्या आजींसाठी वेगळं काहीतरी न्या. त्या 'ओमुग्वो'ला आल्यात. आपल्याकडे बाळंतीण माहेरी जाते, इथे आई लेकीच्या घरी येऊन राहते, कधी तीन-तीन महिने. गरम पाण्यात टॉवेल पिळून पोट शेकते (माझ्या सासूबाईंनी शेकलं तेव्हा मी इमारत ऐकेल इतकी ओरडले होते, माझी आई व्हिसामुळे येऊ शकली नव्हती), उदा आणि उझिझा हे मसाले घालून यामचं (सुरणासारखा कंद) झणझणीत सूप पाजते, बाळाला रोज अंघोळ घालते. निघताना तिला कापड, मीठ, साबण, सुका मासा, पैसे असं भरभरून द्यायची पद्धत आहे. ते जावई करतील. तुम्ही एक कापड द्या.

साडी नेसाच, भरजरी. तिथल्या बायका सणावाराला 'जॉर्ज' नेसतात, ते भरतकामाचं जड कापड भारतातूनच जातं. तुमच्या पदराला हात लावून किंमत विचारतील, तयारी ठेवा.

जेवणात जपा. वाळलेल्या कोळंबीची भुकटी, तिकडे म्हणतात 'क्रेफिश', जवळपास प्रत्येक पातळ पदार्थात असते, आणि ती त्यांच्या लेखी "मांस" नाही. म्हणून "मांस आहे का" असं नको, "क्रेफिश घातलंय का" असं विचारा. तळलेली केळी आणि उकडलेला याम बिनधास्त खा. 'ओक्पा' मिळाला तर सोडू नका, वालासारख्या दाण्यांच्या पिठाचा, पाम तेलातला, पानात उकडलेला. शक्यतो त्यात फक्त मिरची असते, तरी विचारा.

---

तिरकस

पाळणा म्हणणार का मग? कुर्रर्र करायला आत्याच लागते.

---

सूनबाई_न्नेवी

म्हणाच. नाव जाहीर झालं की बायका गाणी सुरू करतील, एक थांबली की दुसरी. त्यात तुमची दोन कडवी सहज खपतात, टाळ्यांचा ठेका त्या आपोआप धरतात. फक्त नावं देणं पूर्ण संपू द्या, आणि काकांच्या प्रार्थनेच्या मध्ये नको. कार्यक्रम कार्डावरच्या वेळेपेक्षा दोन तास उशिरा सुरू होईल, घरून खाऊन निघा.

---

गवतीचहा

शनिवारी दुपारी एकची वेळ आहे, म्हणजे तीनला पोचते. आजींसाठी पैठणीच्या काठाचं सहा वार कापड पडून आहे, ते नेते.